डावीकडून तिसरी टायपिस्ट

लिहिण्याआधी माफी मागून ठेवतो. असा लेख लिहायला माणसाने थोडं जग बघितलेलं असावं. माझं जग पेडण्याच्या बसस्टँडवर सुरू होतं आणि पणजीला संपतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे खोके भरतात, आई काजूच्या कारखान्यात गरांची साल काढते. आणि मी लिहायला निघालोय नव्वदेक वर्षांपूर्वीच्या जर्मन बोलपटांवर. ती भाषा मला येत नाही. तो देश मी फक्त नकाशात पाहिलाय. जाणकार हसतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तरी लिहितोय, कारण गेल्या वर्षी काजूच्या हंगामात आईने मला एक प्रश्न विचारला होता. त्या बोलपटांतल्या एका मुलीचं पुढे काय झालं, एवढाच. त्याचं उत्तर मिळवायला मला पुरतं वर्ष लागलं.

आता पुन्हा हंगाम आलाय. बसच्या खिडकीतून बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तो गोड, आंबूस वास येतो आणि कंडक्टर तिकिटं फाडता फाडता नाक वर करून म्हणतो, "इले रे, काजू इले." कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागलंय. इतरांना या वासाने काय आठवत असेल ते असो, मला टाइपरायटर आठवतात. सहा टाइपरायटर, एका रांगेत, एका तालात.

झालं असं की दुसऱ्या वर्षाला आम्हाला सिनेमाचा एक पेपर होता. मॅडमनी प्रत्येकाला प्रकल्पासाठी विषय दिले. सगळ्यांनी ओळखीचे विषय भराभर उचलले. मी बोलायला उशीर करतो, तो तिथेही केला. उरला तो 'जर्मन बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातल्या संगीत विनोदिका'. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. एक फिल्म मिळवून देते. तिचे संवाद मराठीत करून खाली लाव, तोच तुझा प्रकल्प." त्यांनी जर्मनीतल्या एका चित्रपट-संग्रहालयाला लिहिलं, दाखवायची परवानगी मागवली, आणि एक दिवस माझ्या हातात हार्ड डिस्क ठेवली. इंग्रजी उपशीर्षकं होती, तेवढाच आधार. कॉलेजच्या संगणकाच्या हेडफोनचा एकच कान चालत होता. तो उजव्या कानाला लावून मी बसलो.

पहिल्या दहा मिनिटांत मी हसलो, आणि शेजारच्या मुलीने "काय झालं रे?" म्हणून विचारलं. काय सांगणार? एक कारकून जिना उतरत होता. साधा उतरत होता, फाइल काखेत. चौथ्या पायरीला त्याच्या पावलांना ताल सापडला, सातव्या पायरीला खालून झाडू मारणाऱ्या बाईने तो उचलला, आणि तळाला पोचेपर्यंत अख्खी कचेरी गात होती! टेलिफोन गातोय, लिफ्टचं दार गातंय. मला वाटायचं, जुने चित्रपट म्हणजे संथ, गंभीर, धुरकट. इथे तर माणसांना आवाज नुकताच मिळाला होता, आणि त्या आवाजाचं काय करू नि काय नको असं त्यांना झालं होतं. मूल बोलायला लागलं की दिवसभर घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव घेत सुटतं, तसं.

मग मी मिळेल ते वाचत गेलो. सुरुवातीला कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला छायाचित्रकारासकट बंद खोक्यात बसवत. माइक फुलदाणीत लपवत, आणि नायिकेला प्रेमाचं बोलायचं तर त्या फुलदाणीजवळच जावं लागे. बाहेर बेकारी होती, लाखो लोकांचं काम गेलेलं. आणि आत, पडद्यावर, काम गेलेली माणसं गात गात नवं काम शोधत होती. काही जाणत्यांनी याला पळपुटेपणा म्हटलंय. मला अजून नीट ठरवता येत नाही. बाबांच्या कंपनीत दोन महिने काम बंद होतं, तेव्हा बाबा रोज संध्याकाळी देवळात पेटी वाजवायला जायचे, एरवीपेक्षा जास्त वेळ. त्यांना कोणी पळपुटे म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तेव्हा आवाज बदलून घालायची सोय नीट नव्हती. म्हणून एकच बोलपट दोनदा, तीनदा करायचे. त्याच कचेरीत, त्याच टेबलांवर आधी जर्मन नट येऊन प्रसंग करून जायचे. मग फ्रेंच नट यायचे, तसेच कपडे चढवायचे, तसाच दरवाजा आपटायचे आणि फ्रेंचमध्ये भांडायचे. हे वाचलं तेव्हा मला आमचं देवळाचं नाटक डोळ्यासमोर आलं. रंगमंचावर "महाराज, आज्ञा असावी" म्हणणारा सेनापती विंगेत येतो आणि ओरडतो, "माझी तलवार खंय गेली रे?" आमच्याकडे एकाच नाटकात दोन भाषा असतात. मधे फक्त एक पडदा.

माझ्या वाट्याला आलेला चित्रपट टोप्यांच्या एका कारखान्यातला होता. मालक कर्जामुळे पळून जातो, कचेरीतल्या लोकांना ते कळत नाही, आणि ते मालकाशिवायच कारखाना चालवत राहतात. चालवतात म्हणजे काय, गातात! त्यात सहा टायपिस्ट मुलींचं गाणं आहे. सहा जणी रांगेत टंकत असतात, एकदम मान वळवतात, एकदम उठतात, खुर्चीला वळसा घालतात. त्यातली डावीकडून तिसरी चुकते. सगळ्या उजवीकडे वळतात, ती डावीकडे. शेजारणीला धडकते. आणि घाबरण्याऐवजी हसते, अगदी खरं, तोंडावर हात ठेवायचं विसरून. कोणी तो तुकडा कापला नाही. का कापला नाही ते कळत नाही. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला, सांगायला लाज वाटते.

घरी आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती, हाताची बोटं नेहमीसारखी काळवंडलेली. आमच्या कारखान्यातही बायका रांगेत बसतात, समोर काजूगर, हातात छोटी सुरी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती चुकली, आणि कोणी वरडला नाय तिच्यार?"

"नाही."

"मगे बरी माणसां ती."

आता देवळाच्या वर्धापनदिनाकडे येतो. दर वर्षी त्या संध्याकाळी मंडपात नाटक असतं. गेल्या वर्षी फोंड्याकडची मंडळी ठरली होती. चार दिवस आधी त्यांच्या मुख्य नटाचा पाय मोडला. समितीची माणसं आमच्या अंगणात येऊन चिंता करत बसली, आणि बाबा, जे माझ्या अभ्यासाबद्दल कधी चार शब्द बोलत नाहीत, एकदम बोलून गेले, "माझ्या झिलाकडे जर्मन संगीत आसा." मी, म्हणजे त्यांचा झील, दारातच उभा होतो. नको म्हणायला तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. तोवर ठरलं होतं.

देवळाच्या फलकावर मजकूर मीच लिहिला. बाबांनी शेजारी उभं राहून सांगितला तसा, कारण आमच्या फलकाची भाषा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. 'आज सायंकाळी सात वाजता जर्मन कलाकारांचा बहारदार संगीत विनोदी कार्यक्रम.' चित्रपट हा शब्द त्यात कुठेच नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मॅडमना फोटो पाठवला तेव्हा त्यांच्याही आलं नाही.

साडेसहाला मंडपात पोचलो तर देवळामागच्या खोलीत आरसा लावलेला. खाली सतरंजी, पाण्याची घागर, आणि मोठ्या टोपात भाजी, शेजारी पावांची टोपली. तीस माणसांचं. बायकांनी अबोलीच्या फात्या, म्हणजे आमच्याकडचे गजरे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले, नटींसाठी. आमच्या शेजारी कोल्हापूरकडचे संभादा राहतात, बाबांच्याच कंपनीत आहेत. ते दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

"काय रं, गाडी कुठवर आली त्यांची?"

"कुणाची, संभादा?"

"जर्मन लोकांची, आणि कुणाची? म्हापशाला ट्राफिक असंल."

मी त्यांना हार्ड डिस्क दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ह्यात हाईत सगळी?" मग टोपाकडे बघून म्हणाले, "मग भाजी-पावाचं तेवढं मी बघतो गड्या, तू काळजी करू नको."

पण दाजीमामांना सांगायला मी वेळेवर पोचलो नाही. दाजीमामा गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतात. ऐंशीच्या पुढे गेलेत, पण आवाज गेल्या वर्षीपर्यंत मंडपाच्या बाहेर जायचा. कुठलाही कार्यक्रम त्यांच्या गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मी पडद्याची दोरी बांधत होतो, तोवर ते देवासमोर हात जोडून उभे राहिले होते.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात परमुलखातली कलाकार मंडळी इली आसत!"

"होय म्हाराजा!" सगळा मंडप.

"तेंचा गाणा-बजावणा गोड मानून घे! चुकला-माकला तर पदरात घे!"

"होय म्हाराजा!"

"आणि वाटेत कसली इडा-पिडा आसात ती दूर कर, आणि जशी इली तशी सगळ्यांका सुखरूप आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पोरं हसली. मलाही हसू आलं, पण अर्ध्यावरच थांबलं. कारण मी वाचलं होतं. त्या मंडळींचं काय झालं, ते सगळ्या मंडपात फक्त मला माहीत होतं.

खेळ मात्र असा रंगला की काय सांगू! पहिल्याच मिनिटाला कळलं की मी रात्रंदिवस बसून लावलेली मराठी अक्षरं म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, फार पटापट जातात. मागून आवाज आला, "अरे वाच मोठ्यान!" मग मी पडद्याच्या कडेला उभा राहिलो आणि नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखा सगळ्यांचे संवाद बोलत सुटलो. मी, ज्याला वर्गात हजेरी देताना घाम फुटतो. मालक मी, लिफ्टवाला मी, नायिकासुद्धा मीच. मराठी संपली की तोंडातून आपोआप घरची बोली येई, आणि तिथे तर टाळ्याच. "मालक खंय गेले?" "मालक न्हिद काढतत!" म्हणजे झोप काढतायत.

आणि टायपिस्टांचं गाणं. ते संपताच "वन्स मोअर!" झालं. आमच्याकडे वन्स मोअर मिळाला की तो द्यावाच लागतो. फिल्म मागे नेली. या खेपेस सगळे पुढे वाकून बसलेले, कारण मागच्या खेपेला एक पोरगी चुकली होती आणि आता ती सुधारणार, असं मंडपाने धरूनच ठेवलं होतं. सहा जणी उठल्या. मान वळवली. तिसरी पुन्हा डावीकडे!

"परत चुकली!" मंडप कोसळला. संभादांच्या हातातला पाव खाली पडला. "अगं बाय, उजवीकडं, उजवीकडं!" पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदाही चुकली, तिसऱ्यांदाही हसली, आणि तिच्याबरोबर अडीचशे माणसं हसली. मी आईकडे पाहिलं. बायकांच्या रांगेत ती डोळे पुसत होती आणि मोठ्याने हसत होती. तिला असं हसताना मी लहानपणी कधी पाहिलं असेल तर आठवत नाही. कुणीतरी उठून एक फाती पडद्याखाली ठेवून आली.

घरी चालत निघालो. आंब्याखाली वळण येतं तिथे तिने विचारलं, "ता चेडू घराक पोचला काय रे?"

चेडू म्हणजे मुलगी. कोणती, ते विचारायची गरज नव्हती.

"आई, ते खोटं असतं. फिल्म आहे ती. खूप जुनी."

"ता कळला माका. पण दाजीमामान गाऱ्हाणा घातला, आम्ही होय म्हटला. मगे ती पोचली काय नाय?"

तेव्हा मी तिला सांगितलं. की ते बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांतच तिकडे नाझींचं राज्य आलं. ती गाणी रचणारे, चाली बांधणारे, हसवणारे, त्यांतले कितीतरी लोक ज्यू होते. त्यांना काम करायला बंदी झाली. काही मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या बोटीने देश सोडून गेले. जे मागे राहिले त्यांतल्या अनेकांना छावण्यांत नेऊन मारलं. त्या मुलीचं मला माहीत नाही. ती ज्यू होती की नाही, तेही नाही. मागे नाचणाऱ्या मुलींची नावं चित्रपटात देत नसत.

आई म्हणाली, "नाव नाय म्हणान काय झाला? चेहरो आसा."

दुसऱ्या दिवशी मी दाजीमामांकडे गेलो, चूक माझी होती हे सांगायला. वाटलं, ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकलं. "माका काय म्हायत, ती पडद्यावरली म्हणान," म्हणाले. सुपारी तोंडात टाकली. मग, "पण घातलेला गाऱ्हाणा मागे घेवचा नसता. काय झाला ता देवाक येवन सांगूचा लागता. आता तू मोठो शिकलेलो. सगळ्यांचा नाय तर नाय, त्या एका चेडवाचा तरी शोध, आणि माका सांग. माझ्याकडे आता खूप वर्सां नाय."

मी हो म्हणालो. इतकं लगेच हो मी कधीच कशाला म्हटलेलं नाही.

मॅडमनी इंग्रजी तपासून दिलं आणि संग्रहालयाला पत्र पाठवलं. सोबत त्या प्रसंगाचं चित्र, तिसऱ्या मुलीभोवती लाल गोल. का हवंय तेही लिहिलं, गाऱ्हाण्यासकट. 'गाऱ्हाणं' या शब्दाला इंग्रजी सापडेना, म्हणून शेवटी अख्खा परिच्छेद लागला. तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं, की असं पत्र आम्हाला पहिल्यांदाच आलंय, प्रयत्न करतो, पण आशा फार धरू नका.

मग काही नाही. प्रकल्पाला चांगले गुण पडले, त्याचा आनंद झाला, पण तो वेगळा. पाऊस येऊन गेला. चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना आईने वर बघतच विचारलं, "पत्र इला?" नाही. दिवाळीत दाजीमामा पोह्यांना आले, बशी हातात घेऊन माझ्याकडे फक्त पाहिलं. नाही. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला जायचो तेव्हा ते डोळे उघडायचे, मी मान हलवायचो, ते पुन्हा मिटायचे. कधी वाटायचं, खोटं सांगून टाकावं. सुखरूप पोचली म्हणावं. कोण तपासणार? एकदा जिभेवर आलंही होतं. पण ते माझ्या शब्दावर देवाला सांगणार होते.

अभ्यासाला बसलो की वही बाजूला सारून मी इतर बोलपट बघायचो. आता ते बघताना पहिल्यासारखं नुसतं हसू येत नसे. गाणं सुरू झालं की मी मागच्या रांगा बघायचो. वेटर, पोलीस, छत्र्या घेतलेल्या बायका. हा कुठे गेला असेल? ही? आणि तरी, खरं सांगतो, गाण्याने मन उडायचं ते उडायचंच. त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. ते मनापासून नाचत होते. पुढचं माहीत असलेल्याने त्यांचं नाचणं कमी करू नये, असं मला वाटतं. बरोबर आहे की नाही, जाणकारांनी सांगावं.

गेल्या रविवारी आम्ही सर्वणला होतो, मामाच्या बागेत. हंगामात आम्ही सगळे मदतीला जातो. खाली पडलेले बोंडू गोळा करायचे, पिळा देऊन बी वेगळी करायची. सकाळी अकराच्या सुमाराला खिशातला फोन वाजला. हात कोपरापर्यंत रसाने चिकट, फोन काही केल्या उघडेना. बोट ओळखेना, आकडे लागेनात. शेवटी मामीने कळशीभर पाणी हातांवर ओतलं. ईमेलवरचं पत्र संग्रहालयातल्या त्या बाईंचं होतं, लांबलचक. मी पहिली ओळ वाचली आणि ओरडलो, "आई!"

आई टोपली टाकून धावत आली. मी वाचत गेलो आणि लगेच घरच्या बोलीत सांगत गेलो. मध्येच ओळी गाळून पुढे पळायला लागलो, तर ती म्हणाली, "सावकाश वाच. मी खंय जाणंय नाय."

एका नृत्यशाळेचा जुना फोटो त्यांना सापडला होता. मागच्या बाजूला पेन्सिलने मुलींची नावं. तिचं नाव एल्झे. एकोणीस वर्षांची. हो, ज्यू. आईवडील मागेच राहिले, आणि त्यांचं पुढे जे झालं ते बाईंनी एकाच वाक्यात लिहिलं होतं. ते मी आईला सांगितलं, लपवलं नाही. ज्या घरातून ती निघाली त्या घरी ती परत कधीच पोचली नाही. पण वेळेवर निघाली. एका बोटीने दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेला उतरली. तिथे लग्न केलं, मुलं झाली. तिची मुलगी आज आहे, तीही आता म्हातारी. आपली आई कधी सिनेमात होती, हे तिला आमच्या पत्रामुळे कळलं. तिने संग्रहालयाला विचारलंय की हिंदुस्थानातली ही कोण माणसं, आणि माझ्या आईची ती का वाट बघतायत.

आणि खाली, शेवटी, मी उड्या मारत वाचलेली ओळ, दाजीमामांना जाऊन सांगायची ती. एल्झे नव्वदीच्या पुढे जगली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यात, नातवंडं आजूबाजूला असताना गेली.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे ती म्हातारी झाली, आई," मी म्हणालो. "चांगली पिकून म्हातारी झाली."